सतरा सह्या होत्या, आता दोनच राहिल्यात

म्हशीवाली_करवीर

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, नाव सांगत नाही. घरात दोन म्हशी, त्यातली एक सध्या आटलीय. दूध गावातल्याच संस्थेत घालतो, दहा दिवसाला बिल येतं, त्यातून पेंडीची उधारी कापली जाते आणि राहील त्यात घर चालतं, दिवाळीला फरक मिळतो तेव्हा पोरांची कापडं होतात. हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, पण माझ्यासारखीला संस्था म्हणजे काय असते ते कळावं म्हणून सांगितलं.

मी घरी कांदा-लसूण चटणी करून विकते, त्यासाठी स्टॅम्पिंग केलेला, म्हणजे सरकारी तपासणीचा शिक्का असलेला काटा घेतलाय. एकदा सहज दुधाची किटली त्याच्यावर ठेवली आणि मग संस्थेत गेले तर दूध कमी भरलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग नादच लागला, वीस दिवस रोज लिहून ठेवलं. संस्थेचा काटा शंभर मिलीच्या टप्प्यानं दाखवतो आणि वरचं सोडून देतो. म्हणजे ४ लिटर ६८० असेल तर कार्डावर ४.६. वरचे ऐंशी मिली गेले. कधी दहा जातात, कधी नव्वद, सरासरी पन्नास धरा. दोन वेळचे मिळून शंभर मिली. एका घराला हे काहीच वाटत नाही पण आमच्याकडं दीडशेएक सभासद आहेत, रोजचं पंधरा लिटर दूध होतं! हे दूध कुणाच्या नावावर जातं ते मला माहीत नाही, आणि कुणी खाल्लं असं मी कुठंच म्हटलेलं नाही. मग मी एक अर्ज लिहिला, त्यात एकच मागणी, काटा दहा मिलीपर्यंत दाखवणारा बसवा आणि स्टॅम्पिंगचा दाखला भिंतीला लावा.

सतरा जणांनी सह्या केल्या. आमच्याच सोप्यात बसून केल्या, चहा झाला, सगळे जोरात होते. आठ दिवसांत एकेक गळायला लागला. कुणाला निरोप गेला की यंदा ऊसतोडीची टोळी तुमच्या शेताकडं उशिरा येईल. एकाच्या म्हशीच्या कर्जाला जामीन कोण आहे त्याची आठवण करून दिली. एकीला नुसतं एवढंच म्हटलं की दूध वासाचं लागायला काय वेळ लागतो व्हय. बास. आता अर्जावर दोनच नावं राहिलीत, मी आणि आमच्या गल्लीतले एक तात्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

मालक म्हणतात सगळे मागं सरले, तुलाच का एवढं. आत्ती, म्हणजे सासूबाई, काही बोलत नाहीत, पण धार काढताना आता माझ्याजवळ येऊन बसतात, पूर्वी बसत नव्हत्या.

मला संस्थेची भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पण त्याच्यापेक्षा जास्त राग येतोय तो ह्या पंधरा जणांचा. शेजारच्या काकींचा तर लईच. त्यांची म्हैस अडली होती तेव्हा रात्रभर मी त्यांच्या गोठ्यात होते, आणि आता मी रस्त्यानं दिसले की त्या पदर तोंडावर घेऊन आत जातात. आपण खरं धरून उभं राहायचं ते कुणासाठी, ह्यांच्यासाठीच ना? मग ह्यांचं तोंड बघावंसं वाटत नसेल तर काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

रंकाळ्याकाठी

ताई तुम्ही खरंच वाघीण आहात. मागं हटू नका, आम्ही सोबत आहोत.

ऑडिटवाला

सहकारी संस्थांच्या हिशेब तपासणीत आयुष्य गेलं म्हणून आधी कामाचं लिहितो.

घरच्या काट्यावर किलो येतात आणि संस्थेत लिटर, हा फरक धरलाय का? एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ४ किलो ८२० ला १.०३ नं भागलं की ४.६८ येतं. हे केलं नसेल तर तुमची वीस दिवसांची वही पहिल्या पाच मिनिटांत मोडून काढतील आणि खरी तक्रार असून तुम्ही खोट्या ठराल.

दुसरं, काट्याचा विषय वैधमापनशास्त्र कार्यालयाचा. कायदा २००९ चा आहे, व्यापारी काट्याची ठरल्या मुदतीत पडताळणी व्हावीच लागते. संस्थेच्या कारभाराचा विषय सहायक निबंधक दुग्ध यांच्याकडं, तिथं सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी मागता येते. दोन्ही अर्ज वेगळे करा, एकात मिसळू नका. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या, तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी. काट्याच्या तक्रारीला सतरा सह्या लागत नाहीत, एक पुरते.

म्हशीवाली_करवीर

१.०३ नं भागलंय दादा. लेक सातवीत आहे, तिनंच सांगितलं की आई दूध पाण्यापेक्षा जड असतं. रिकाम्या किटलीचं वजन पण वेगळं लिहिलंय. एक सही पुरते हे माहीत नव्हतं, ते वाचून जरा श्वास घेतला.

जुना_शाहूपुरीकर

शिक्षक होतो, निवृत्त झालो, आता गावात कुणी ऐकत नाही म्हणून इथं लिहितो.

गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असते. पागेत नोकरीला होते, हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली, मग शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं दुकान निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून कुणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही प्यायला लावायचे. इथपर्यंत आपण सांगतो आणि थांबतो.

मी वर्गात मुलांना एक विचारायचो. महाराजांची गाडी यायच्या आधी त्या दुकानात काय चालू असेल? सकाळी उठून शेगडी पेटवायची, दूध तापवायचं, कपबश्या विसळून मांडायच्या आणि रस्त्याकडं बघत बसायचं. रस्त्यानं जाणारे सगळे ओळखीचे. त्यांच्यातल्या काहींना मनातनं वाटतही असेल की प्यावा एक कप, पण जातीतले काय म्हणतील, उद्या घरात लग्न आहे, सोयरे काय म्हणतील. ते दूध संध्याकाळी काय करत असतील असं एका पोरीनं मला विचारलं होतं, मला उत्तर देता आलं नाही. महाराजांच्या धैर्यापाठीमागं गादी होती. शेगडी पेटवणाऱ्याच्या पाठीमागं काय होतं? तरी रोज पेटवली म्हणून तर महाराजांना थांबायला जागा मिळाली.

आणि महाराज १९२२ साली गेल्यावर त्यांचं स्मारक व्हावं म्हणून जी माणसं पुढं झाली त्यांत हेच गंगाराम कांबळे होते. गादीवरचा माणूस गेल्यावरसुद्धा त्यांनी इमान सोडलं नाही.

पन्हाळा_पायथा

सर पटलं. आमच्याकडं शिवा काशिदांची समाधी आहे, पोरं सहलीला येतात. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले आणि हा नेबापूरचा नाभिक महाराजांचा पोशाख घालून दुसऱ्या पालखीत बसला. पकडला जाणार, आणि मग काय होणार, हे माहीत असून बसला. मला कायम वाटतं त्या पालखीला खांदा देणारे पण होतेच की, त्यांचं नाव कुठं आहे? सोंग घेतलेला माणूस तरी आत बसलेला, हे चालत निघालेले, आणि कुठल्या दिशेनं चाललोय ते पायाला कळतच असणार.

करवीरपुत्र

ताई इतिहास बाजूला ठेवा. पंधरा जण पळालेत, त्यांची नावं गावात फ्लेक्सवर लावा. गद्दार म्हणजे गद्दार.

सही_मागे_घेतलेला

वरच्या प्रतिसादासाठीच लॉगिन केलं. हा आयडी आत्ता काढलाय कारण माझ्या नेहमीच्या आयडीनं हे लिहायचं धाडस नाही.

मी एका कारखान्यात होतो, कुठल्या ते महत्त्वाचं नाही. ओव्हरटाइमचे पैसे बुडवत होते. नऊ जणांनी लेबर ऑफिसला अर्ज दिला, त्यात मी होतो. चौथ्या दिवशी माझ्या मेव्हण्याला फोन गेला, मेव्हण्याची नोकरी त्यांच्याच ओळखीनं लागली होती. मेव्हणा मला काहीच बोलला नाही, नुसता घरी आला आणि बसला, बहीण स्वयंपाकघरात रडत होती ते ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी मी सही मागं घेतली. पेन धरल्यावर हात थरथरत नव्हता, हे मला अजून आठवतं, अगदी सरळ सही आली. मला वाटतं भीती हातात नसतेच, ती घरात येऊन बसलेली असते, पाहुण्यासारखी, तिला उठ म्हणता येत नाही.

शेवटी एकच जण राहिला. त्याची बदली झाली, पगारवाढ अडवली, कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना, मी पण नाही. त्यानं आम्हाला नावं ठेवली असती, भर कँटीनमध्ये आईवरनं शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं खरं सांगतो, कारण मग मला त्याचा राग धरता आला असता आणि माझं मन मोकळं झालं असतं. त्यानं तसं केलं नाही. गेटवर भेटला की पूर्वीसारखंच, पोराचं दहावीचं काय झालं, आईचं ऑपरेशन झालं का. सहीबद्दल एक अक्षर नाही. दीड वर्ष असं चाललं.

मग सेफ्टीचा एक विषय निघाला, एका कंत्राटी पोराचा हात गेला मशीनमध्ये. जबाब द्यायचा होता. मी दिला. कुणी विचारायच्या आधी दिला. मेव्हण्याकडं परत फोन गेला, ह्या वेळी मीच त्याच्या घरी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. त्या एका माणसानं माझा चहा तोडला असता तर मी तो जबाब दिला नसता, हे मी देवाशप्पथ सांगतो.

नावं फ्लेक्सवर लावू नका.

म्हशीवाली_करवीर

तुमचं तीनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. मालकांना पण वाचून दाखवलं, ते उठून गोठ्यात गेले.

वायल्डर_चर्चच्या_मागं

मी ख्रिस्ती घरातली. वायल्डर मेमोरियल चर्चच्या संडे स्कूलमध्ये आजीनं सांगितलेली गोष्ट आठवली, ह्या धाग्याला अगदी लागू आहे.

मोशेनं कनान देश बघून यायला बारा माणसं पाठवली. चाळीस दिवस ते फिरले, परत येताना द्राक्षांचा एवढा मोठा घड आणला की दोघांनी काठीवर घालून खांद्यावरनं आणावा लागला. देश चांगला आहे ह्याबद्दल बाराही जणांचं एकमत होतं, हे आजी मुद्दाम सांगायची. फरक पुढं पडला. दहा जण म्हणाले तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, त्यांच्यापुढं आम्ही टोळासारखे दिसत होतो. दोघंच म्हणाले की जाऊ, जमेल, देव आपल्याबरोबर आहे. कालेब आणि यहोशवा. तर लोकांनी त्या दोघांनाच दगडमार करायची भाषा केली.

त्यानंतर त्या सगळ्या लोकांना चाळीस वर्षं रानात फिरावं लागलं, हे आपण शिक्षा म्हणून ऐकतो. पण आजी विचारायची, कालेबनं काय केलं होतं गं? तो तर बरोबर होता. तरी तो पण चाळीस वर्षं चालला! ज्यांनी त्याच्यावर दगड उचलायची भाषा केली त्यांच्याच बरोबर, त्याच वाळूत. त्यांची म्हातारी माणसं वारली ती पुरताना हा असणारच तिथं. सोडून गेला नाही. आणि शेवटी जमीन वाटायची वेळ आली तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता. सपाट सोपी जागा मागायची सोडून त्यानं हेब्रोनकडचा डोंगराळ भाग मागितला, जिथं ती राक्षसासारखी माणसं राहायची तोच.

ताई, तुमच्या तात्यांचं वय वाचलं आणि मला पहिल्यांदा हेच आठवलं.

चिखली_२०१९

माझं थोडं वेगळं मत आहे, रागावू नका.

आम्ही प्रयाग चिखलीचे. भीतीला एवढं वाईट म्हणू नका, आमच्याकडं भीती न वाटल्यानं घोटाळा झालाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा जाणती माणसं म्हणाली, २००५ ला इथपर्यंतच आलं होतं, ह्याच्यावर येत नाही. धीराचीच भाषा होती ती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माणसं माडीवर अडकली, जनावरं डोळ्यांदेखत गेली, बोटी येईपर्यंतचे तास मी विसरणार नाही. २०२१ ला मात्र लोक घाबरले आणि आधीच जनावरं घेऊन सोनतळीला निघाले. ती भीती शहाणी होती.

पण २०१९ चा एक माणूस सांगतो. आमच्या गल्लीतला, शाळा चौथी. त्यानं एका भिंतीवर विटेच्या तुकड्यानं रेघा मारल्या होत्या आणि दर तासाला कमरेएवढ्या पाण्यात उतरून बघून यायचा. चारी बाजूनं अफवा, धरण फुटलं, राधानगरीची सगळी दारं उघडली, आता दहा फूट लाट येणार, बायका रडायला लागलेल्या. हा येऊन एवढंच सांगायचा, मागच्या तासापासनं चार बोटं चढलंय. पुढच्या तासाला तीन बोटं. कमी असलं तरी कमी करून सांगितलं नाही, जास्त असलं तरी लपवलं नाही. एकदा एका म्हातारीनं विचारलं, बाबा तुला भ्या वाटत न्हाई व्हय, तर म्हणाला, वाटतंय की, म्हणून तर मोजतोय. शेवटच्या बोटीत बसला.

ताईंच्या वीस दिवसांच्या वहीबद्दल वाचलं तेव्हा मला त्या रेघा दिसल्या. वही चालू ठेवा. बाकी पंधरा जणांचं काय व्हायचं ते होईल.

परदेशी_कोल्हापुरी

चिखली दादा, 'म्हणून तर मोजतोय' हे मी लिहून ठेवलंय. जर्मनीत बसून डोळ्यांत पाणी आलं.

करवीरपुत्र

सही मागे घेतलेल्या भाऊंचं वाचलं. माझा फ्लेक्सचा प्रतिसाद मागे घेतो. माझ्या वडिलांवर असा प्रसंग आला होता आणि बाकीच्यांनी त्यांना एकटं पाडलं, ते डोक्यात होतं. माफ करा.

सही_मागे_घेतलेला

माफी कशाला. तुमचे वडील थोर. त्यांना एकटं पाडणाऱ्यांत माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

ऑडिटवाला

ताई, काय झालं? पोच मिळाली का?

म्हशीवाली_करवीर

उशीर झाला, म्हैस व्यायली. रेडी झाली.

सोमवारी तात्यांना घेऊन कोल्हापूरला गेले, वडापच्या जीपमधनं. तात्या स्वच्छ धोतर, फेटा बांधून आले होते, मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणाले सरकारी हापिसात तक्रार घेऊन जायचं तर लुबाडलेल्या माणसासारखं जायचं न्हाई. दोन्ही अर्ज वेगळे दिले, दोन्हीची पोच घेतली, ऑडिट दादा तुमचे आभार. काटा तपासायला माणूस कधी येईल ते सांगितलं नाही, येऊ म्हणाले.

मंगळवारी सकाळी दूध घालायला गेले. रांगेत कुणी बोलेना. माझं सॅम्पल काढलं, जिच्यावर दर ठरतो ती फॅट नेहमीपेक्षा खाली लागली. मी काही बोलले नाही, समोरच वही काढली आणि तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं लिहिलं. हात कापत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. दिसू दे म्हटलं. मग शेजारच्या काकी मागं उभ्या होत्या त्यांच्याकडं वळले. खरं सांगते, वरचं तुमचं वाचलं नसतं तर मी सरळ निघून आले असते. मी विचारलं, काकी, म्हैस आता दूध किती देते? त्यांनी खाली बघून सांगितलं, साडेचार. एवढंच झालं.

काल रात्री दहाच्या पुढं कडी वाजली. काकी होत्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याच्या बाहेरच, लाईट घालवायला लावली. म्हणाल्या, "मी सही न्हाई करत बाई, पोराच्या कर्जाला त्यांचा जामीन हाय, तुला म्हाईत हाय. पर ही घे, मी देतो तुला." आणि कापडी पिशवी हातात दिली. तीन वर्षांची दुधाची कार्डं आहेत आत, एकही गहाळ नाही, प्रत्येक दहा दिवसांचं वेगळं दोऱ्यानं बांधलेलं. चार पॉइंट काहीतरी, पाच पॉइंट काहीतरी, तीन वर्षांत पॉइंटच्या पुढं दोन आकडे कुठंच नाहीत.

जायला वळल्या आणि परत येऊन विचारलं, रेडीला चीक पाजला का नीट.

लेक आणि मी आता कार्डं तारखेप्रमाणं लावत बसलोय, पहिलं वर्ष झालं. आत्ती मध्येच चहा ठेवून गेल्या. मालक म्हणाले आकडे मी वाचतो, तुम्ही लिहा.